झाडें मोजण्यापूर्वीं विहीर मोजा

अक्षय्य तृतीया उलटली म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. कोणास भाऊवांटणींत दोन-अडीच एकर आलेले असतात, कोणीं नोकरींतून निवृत्त होऊन गांवाकडे तुकडा घेतलेला असतो, कोणीं जिराईत पिकांस कंटाळून बाग लावण्याचा बेत केलेला असतो. आणि प्रत्येकाचें विचारणें असें कीं, एकरीं झाडें किती बसतील? प्रश्न साधा आहे व त्याचें उत्तरहि साधें आहे. पांच-पांच मीटर अंतरानें लाविल्यास एकरांत १६० झाडें बसतात. परंतु हें उत्तर लिहून पाठवितांना आमचा हात अडखळतो. जमिनींत किती झाडें बसतील तें साखळी टाकून काढतां येतें. विहिरींत किती झाडें बसतील, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि नव्या बागेचें जगणें-मरणें या दुसऱ्या प्रश्नावर ठरतें.

आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. नव्या लहान शेतावर बाग किती लावावी, हें क्षेत्र पाहून, कलमांचा भाव पाहून किंवा अनुदानाचा आंकडा पाहून ठरवूं नये. वैशाखांत विहीर किती पाणी देते, तें मोजून ठरवावें. ही मोजणी हातीं येईपर्यंत, म्हणजे निदान पहिलें एक वर्ष, त्या शेतांत भाजीपाला करावा, ताल-बांध घालावे, कुंपण करावें. परंतु ओलिताच्या बागेचें एकहि झाड लावूं नये.

आमच्या म्हणण्याची मर्यादाहि येथेंच सांगून टाकतों. हें लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणाचा पट्टा आहे: सोलापूर, अहिल्यानगर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर व त्यांच्या आसपासचा मुलूख. येथें खालीं काळा खडक, वर कोठें हातभर तर कोठें पुरुषभर माती, आणि पाऊस बेभरंवशाचा. कोंकणांतील व कायम पाटपाण्याखालील बागाइतदारांचा प्रश्न निराळा आहे. त्यांनीं हा लेख आमच्या दुखण्याची हकीकत म्हणून वाचावा.

हा प्रश्न पूर्वींपेक्षां आतां अधिक निकडीचा कां झाला, तेंहि पाहिलें पाहिजे. कृषिगणनेप्रमाणें सन १९७०-७१ मध्यें महाराष्ट्रांतील वहिवाटीचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. सन २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरांवर आलें. दहा एकरांच्या धन्याची एक एकर बाग वाळली तरी उरलेल्या नऊ एकरांची ज्वारी-बाजरी त्याच्या घराला उपाशी ठेवीत नसे. अडीच-तीन एकरांचा धनी जेव्हां एक एकर बाग लावितो, तेव्हां तो आपल्या संसाराचा तिसरा हिस्सा एका विहिरीच्या भरंवशावर टाकतो. त्याला चूक करण्यास जागाच उरलेली नाहीं. लहान शेताला मोजमाप अधिक लागतें तें याच कारणानें.

आतां झाडाची तहान कशी वाढते तें पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरलें तर तें बरोबर एक लिटर भरतें, एवढा एक हिशेब ध्यानांत ठेवावा. आमच्या पठारावर वैशाखांत उघड्या भांड्यांतील पाणी दिवसाला १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उडून जातें. फळझाड आपल्या पसाऱ्याखालील जागेपुरतें, याच्या सुमारें साठ टक्के पाणी पितें, असें ढोबळ मानानें धरावें. आरंभीं झाडाचा पसारा एक मीटर व्यासाचा धरला, तर त्याखालीं पाऊण चौरस मीटर जागा येते आणि त्याला दिवसाला पांच लिटर पाणी पुरतें. सहाव्या वर्षाच्या सुमारास तोच पसारा चार मीटर व्यासाचा झाला, कीं त्याखालीं साडेबारा चौरस मीटर जागा येते. त्या झाडाला मग दिवसाला ७५ लिटर पाणी लागतें. झाड पंधरापट पिऊं लागलें! एकरांतील १६० झाडांचें आरंभीं ८०० लिटरांत भागत होतें, त्यांनाच पुढें १२,००० लिटर पाहिजेत. झाडाच्या जातीप्रमाणें व जमिनीच्या मगदुराप्रमाणें हे आंकडे खालीवर होतील, परंतु वाढीची रीत हीच राहील. नव्या बागाइतदाराची फसगत येथेंच होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत विहीर त्याला भरपूर वाटते, आणि त्या भरपूरपणावर तो आणखी झाडें लावितो.

विहीर मोजण्याची रीत कोणासहि जमेल अशी आहे. वैशाखांत, वळवाचा पाऊस पडण्यापूर्वीं, सकाळीं विहिरीचें पाणी नेहमींच्या खोलीपर्यंत उपसावें आणि बांधकामावर खूण करावी. चोवीस तास पंप बंद ठेवून दुसऱ्या सकाळीं पाणी किती चढलें तें टेपानें मोजावें. विहिरीचा व्यास मीटरांत घेऊन त्याला त्यानेंच गुणावें, त्यास ०.७८५ नें गुणावें, नंतर पाणी जितकें मीटर चढलें त्या आंकड्यानें गुणावें, आणि शेवटीं हजारानें गुणावें. येणारी संख्या लिटरांत विहिरीची रोजची कमाई होय. उदाहरणार्थ, विहीर सहा मीटर व्यासाची आहे व पाणी ३० सेंटिमीटर चढलें, तर कमाई सुमारें ८,५०० लिटर. आठ-आठ दिवसांनीं अशी तीनदां मोजणी करावी आणि तिन्हींतला लहान आंकडा खरा मानावा.

आतां याच विहिरीचा जमाखर्च मांडूं. घरास व दोन बैल, एक म्हैस एवढ्या जनावरांस मिळून ७०० लिटर लागतील. दोन गुंठे भाजीपाल्यास १,६०० लिटर लागतील. उरले ६,२०० लिटर. त्यांत पूर्ण वाढीचीं ८२ झाडें जगतील. परंतु हें बऱ्या वर्षाचें झालें. पाऊस दगा देतो त्या वर्षीं तीच विहीर निम्म्यावर येते, असें धरणें हेंच शहाणपण. मग कमाई ४,२५० लिटर. भाजीपाला बंद केला व घराचे आणि जनावरांचे ७०० लिटर वजा केले, तर उरतात ३,५५० लिटर. त्यांत झाडें जगतात ४७. म्हणजे ज्या एकरांत १६० झाडें बसतात, त्या एकराच्या धन्यानें ४५ झाडें लावावींत, आणि तीं अकरा-बारा गुंठ्यांत मावतात. आमच्या कित्येक बंधूंस हा आंकडा अपमानकारक वाटेल. आम्हांसहि एके काळीं वाटला असता.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून इतक्या निश्चयानें लिहितों. सन २००७ मध्यें वांटणी होऊन अडीच एकरांचा तुकडा व एक विहीर आमच्या वांट्यास आली. त्याच पावसाळ्यांत आम्हीं एका एकरावर मोसंबीचीं १६० कलमें लाविलीं. पहिले तीन उन्हाळे विहिरीनें हूं कीं चूं केलें नाहीं. शेजाऱ्यास पाणी देऊन आम्ही मोठेपणाहि मिरविला. चौथ्या उन्हाळ्यांत पंप दुपारपर्यंत चालेनासा झाला. सन २०१२ मध्यें झाडें धरतीं झालीं आणि त्याच वर्षीं पाऊस गेला. पौषांत विहीर तळाला लागली. आम्हीं टँकर लाविला. टँकरच्या पैशासाठीं प्रथम कर्ज काढलें, पुढें दोन गाई विकल्या. मृग लागला तेव्हां १६० झाडांपैकीं ३४ झाडांस हिरवी फांदी होती, आणि तींहि पुढें धड फळलीं नाहींत. बाकीच्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्या लांकडांवर आमच्या घरची चूल दोन वर्षें पेटत होती. मातोश्रींनीं त्या दिवसांत आम्हांस एकच विचारलें, "पाणी आधीं मोजलें नव्हतें का रे?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या वर्षीं घरांत रोख पैसा आला तो न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या तीन शेवग्यांचा व दोन लिंबांचा. तीं झाडें मातोश्रींनीं लाविलीं होतीं, आणि आम्हीं तीं कधीं बागेंत मोजलीं नव्हतीं.

आमची गोष्ट एकट्याची असती तर ती छापण्याचें कारण नव्हतें. सन १९९० मध्यें राज्यानें रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवडीची सांगड घातली आणि कोरडवाहू मुलुखांत फळझाडें आलीं. त्यांतून पुष्कळ घरें वर आलीं, हें आम्ही कृतज्ञतेनें सांगतों. परंतु सन २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व आसपासच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा सरसकट वाळल्या, आणि टँकर लावून कर्जबाजारी झालेल्यांचीं उदाहरणें गांवोगांव झालीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं, सन २०१६ च्या उन्हाळ्यांत, लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. पाऊस जाणें ही आमच्या पठारावर अपवादाची गोष्ट नाहीं. फळबाग वीस-पंचवीस वर्षांसाठीं लावावयाची असते. तेवढ्या काळांत दोन-तीन वाईट वर्षें येणार, हें गृहीत धरूनच ती लाविली पाहिजे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप ठिबकाचा. ठिबक सिंचनानें निम्मी बचत होते, मग दुप्पट झाडें कां लावूं नयेत? ठिबकानें पाटांत मुरणारें व मोकळ्या जागेवरून उडणारें पाणी वांचतें, हें खरें. परंतु वर दिलेले ७५ लिटर हे झाडाच्या तोंडचे आहेत. ते ठिबकानें कमी होत नाहींत. पाटपाण्यानें द्यावयाचें तर याहून बरेंच अधिक उपसावें लागेल, एवढाच त्याचा अर्थ. ठिबक अवश्य बसवावें, परंतु वांचलेलें पाणी विहिरींत राहूं द्यावें.

दुसरा आक्षेप कूपनलिकेचा. विहीर आटली तर खोल बोअर घेऊं, असें म्हणणारांनीं आपल्या पायांखालचा खडक ओळखावा. काळ्या खडकांत पाणी रहातें तें वरच्या कुजलेल्या थरांत व फटींत. जसजसें खोल जावें तसतशा फटी विरळ होतात. खालीं पाणी लागलेंच, तर पुष्कळदां तें शेजाऱ्याच्याच झऱ्याचें असतें. आपण पांचशें फूट गेलों तर तो सातशें फूट जातो, आणि अखेर दोघांच्या विहिरी कोरड्या पडून कर्ज मात्र दोघांच्या नांवावर रहातें.

तिसरा आक्षेप शेततळ्याचा. पावसाचें वाहून जाणारें पाणी अडवून भरलेलें शेततळें ही उत्तम गोष्ट आहे व ती आम्ही मनापासून पुरस्कारितों. परंतु पुष्कळ ठिकाणीं विहिरीचें पाणी हिंवाळ्यांत उपसून अस्तराच्या तळ्यांत भरून ठेवण्याची चाल पडली आहे. त्यांत नवें पाणी एक थेंबहि निर्माण होत नाहीं. जमिनीच्या पोटांत सावलींत असलेलें पाणी आपण उन्हांत आणून ठेवतों, आणि माघापासून वैशाखापर्यंत त्यांतील सुमारें एक मीटर उंचीचें पाणी वाऱ्यावर उडून जातें. शिवाय तें पाणी एकट्याचें नसतें. त्याच झऱ्यावर खालच्या अंगाची विहीर जगत असते.

चौथा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आच्छादन घालून, छाटणी करून, फळ न धरतां झाड निम्म्या पाण्यावर जगवितां येतें. मग ४५ च कां? हें खरें आहे, आणि संकटांत असेंच केलें पाहिजे. उंसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत आळ्यांत वीतभर जाड पसरलें तर पुष्कळ ओल टिकते. परंतु ही युक्ति म्हणजे अडचणीच्या दिवसासाठीं ठेवलेली मोड आहे. जो ती पहिल्याच दिवशीं हिशेबांत खर्ची टाकतो, त्याच्या हातीं लागोपाठ दुसरें वाईट वर्ष आल्यावर कांहींच रहात नाहीं.

पांचवा आक्षेप अनुदानाचा. यंदा मंजुरी आहे, पुढल्या वर्षीं मिळेल कीं नाहीं? अनुदान घेण्यास आमची हरकत नाहीं. तो शेतकऱ्याचा हक्क आहे. परंतु सन २०१८ मध्यें सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेंत अनुदान तीन वर्षांत विभागून देण्याची रीत ठेवण्यांत आली, हें ध्यानांत घ्यावें. सरकारचा हप्ता तिसऱ्या वर्षीं संपतो आणि झाडाची तहान सहाव्या वर्षीं पूर्ण होते. मधल्या तीन वर्षांचा व पुढच्या वीस वर्षांचा जामीन आपली विहीर आहे.

आतां करावें काय, तें क्रमानें सांगतों.

पहिलें वर्ष पारखण्याचें. पावसाळ्यांत छत्री घेऊन शेतांत उभें रहावें आणि पाणी कोठून येतें, कोठें सांचतें, कोठें माती नेतें, तें पहावें. ताल-बांध त्याप्रमाणें घालावे. तीन-चार ठिकाणीं मीटरभर खोल खड्डे घेऊन मातीचे थर पहावे. एक खड्डा पाण्यानें भरून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं पाणी तसेंच उभें दिसलें तर त्या जागीं मोसंबी-लिंबाचें नांव काढूं नये. पांढरे चुनखडे दिसल्यास माती परीक्षेस पाठवावी, कारण चुनखडीच्या जमिनींत लिंबूवर्गीय झाडें पिवळीं पडून खंगतात. ज्या भागांत पुढें बाग यावयाची, तेथें ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येतांच गाडावा. पश्चिमेच्या व नैऋत्येच्या बांधावर शेवगा, शेवरी, बांबू यांची वाऱ्याला आड लावावी आणि कुंपणाला करवंदाची जाळी धरावी. हीं झाडें फार पाणी मागत नाहींत आणि बाग येईपर्यंत तिचें घर बांधून ठेवतात.

याच वर्षीं विहिरीजवळ व घराच्या दृष्टीपुढें दोन गुंठे भाजीपाला सुरू करावा. याहून मोठा करूं नये. दोन गुंठे नीट निंदलेले असले म्हणजे पांच माणसांचें घर खाऊन आठवडे बाजारास चार टोपल्या जातात, आणि दहा गुंठे गवतांत बुडाले म्हणजे घरालाहि पुरत नाहींत. पावसाळ्यांत भेंडी, गवार व मांडवावर दोडका, कारलें, दुधी. हिंवाळ्यांत वांगीं, टोमॅटो, मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, एका वाफ्यांत कांदा व एकांत लसूण. उन्हाळ्यांत विहिरीच्या मानानें गवार व चवळी, आणि पाणी ओढलें तर तेंहि नाहीं. न्हाणीच्या व भांड्यांच्या पाण्यावर अळू, कढीलिंब, एक-दोन लिंबें व केळीचें बेट. वाफे सरसकट एकदम न पेरतां पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें पेरावे, म्हणजे एकाच दिवशीं मेथीचा डोंगर व नंतर महिनाभर दुष्काळ असें होत नाहीं. मांडव उत्तरेच्या अंगास करावा, म्हणजे त्याची सावली वाफ्यांवर पडत नाहीं.

या भाजीपाल्यास आम्ही इतकें महत्त्व देतों तें दोन कारणांनीं. एक तर झाड फळास येईपर्यंतचीं चार-पांच वर्षें घर चालविण्याचा व बागेची मजुरी देण्याचा पैसा याच दोन गुंठ्यांनीं पुरवावयाचा असतो. ज्या घरीं ही सोय नसते, तेथें पहिला बहार हातीं येण्यापूर्वींच बाग व्यापाऱ्याकडे गुंतते. दुसरें, हा मळा रोज विहिरीवर उभें रहाण्यास भाग पाडतो. जो रोज वाफ्यास पाणी देतो, त्याला फाल्गुनांत झरा कोठें आला व चैत्रांत कोठें गेला हें कोणी सांगावें लागत नाहीं. पुष्कळ घरीं हें रोजचें काम स्त्रिया करितात. यास्तव बागेचा बेत ठरवितांना त्यांचें मत प्रथम घ्यावें. आमच्या मातोश्रींस सन २००७ मध्यें कोणीं विचारलें असतें, तर आमचीं १२६ झाडें तोडण्याची वेळ कदाचित् आली नसती.

वैशाखांत मोजणी झाली म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या कामास लागावें. ओलिताच्या जितक्या झाडांचा हिशेब निघाला, तितकेच खड्डे घ्यावे आणि ते सगळे विहिरीजवळ एका तुकड्यांत घ्यावे. खड्डे उन्हाळ्यांत खणून महिनाभर तापूं द्यावे. मग वरच्या थरांतली माती, दोन-तीन टोपल्या चांगलें कुजलेलें शेणखत व एक किलो सुपर फॉस्फेट यांनीं भरावे. एक-दोन चांगले पाऊस होऊन माती बसली म्हणजे लावणी करावी. कलमें नोंदणी झालेल्या रोपवाटिकेंतूनच आणावींत, पावती जपून ठेवावी, आणि पिशवींत मुळ्यांचें वेटोळें झालेलें कलम फुकट मिळालें तरी घेऊं नये. पेरूची निवड करावयाची तर सरदार ही जात आमच्या पठारास मानवलेली आहे. ती आपल्या पुण्याजवळील गणेशखिंडींतच निवडलेली आहे.

उरलेली जमीन पडीक ठेवावी असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं झाडें अशीं आहेत कीं, जीं वैशाखांत स्वतःच झोपीं जातात. सीताफळ उन्हाळ्यांत पानें झाडून बसतें, पावसाबरोबर फुलतें आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ देतें. बोरीची छाटणी उन्हाळ्यांतच करावयाची असते. तिचें फळ हिंवाळ्यांत येतें. चिंच, जांभूळ, कवठ व आंवळा यांचीं मुळें खोल जातात. दूरच्या हलक्या जमिनींत सीताफळ, बोर व आंवळा, आणि बांधावर चिंच, जांभूळ व कवठ, अशी मांडणी करावी. यांनाहि पहिले दोन-तीन उन्हाळे आधार लागतो. बुडाशीं मातीचें मडकें पुरून आठवड्यास एक-दोनदां भरलें तरी पुरतें. बोरीचें व आंब्याचें खुंटरोप शक्य तर बियांपासून जागेवरच वाढवावें आणि पुढें त्यावरच डोळा भरावा किंवा कलम बांधावें. म्हणजे सोटमूळ न तुटतां सरळ खालीं जातें, आणि असें झाड पुढें ओढग्रस्तींत तग धरतें.

बहाराचीहि निवड विहीर पाहूनच करावी. पेरू, लिंबू व डाळिंब यांचा आंबे बहार माघाच्या सुमारास फुलतो आणि त्याचें फळ ऐन उन्हाळ्यांत पोसावें लागतें. मृग बहार पावसावर फुलतो आणि उन्हाळ्यांत झाडाला विश्रांति मिळते. आंबे बहारास भाव बरा मिळतो म्हणून दुबळ्या विहिरीवर तो धरणें, म्हणजे उसन्या पैशानें सावकारी करण्यासारखें आहे. डाळिंबाच्या मृग बहारावर दमट हवेंत तेल्या रोग अधिक पडतो, ही अडचण खरी आहे. परंतु दुबळ्या विहिरीच्या धन्यानें त्यावरून डाळिंब लावावें कीं नाहीं याचाच विचार करावा. आंबे बहाराकडे वळूं नये.

एक सूचना आमच्या संस्थेस व तिच्या सभासदांस करून हा लेख पुरा करितों. प्रत्येक सभासदानें वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यांत आपली विहीर वर सांगितलेल्या रीतीनें मोजावी आणि आंकडा संस्थेच्या शाखेंतील वहींत नोंदवावा. पांच-सात वर्षांत गांवोगांवच्या झऱ्यांची खरी हकीकत आपल्या हातीं येईल. कोणाचें पाणी कोणाच्या उपशानें उतरतें, हेंहि दिसूं लागेल, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणाऐवजीं हिशेबानें बोलणें होईल. सरकारकडेहि आपण ही वही घेऊन जावें आणि मागणी करावी कीं, अनुदान क्षेत्राच्या मानानें न देतां पाण्याच्या मानानें द्यावें, आणि त्याचा शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षीं न देतां सहाव्या वर्षीं उभ्या असलेल्या झाडावर द्यावा. त्यानें लावलेल्या झाडांचा आंकडा लहान दिसेल. जगलेल्या झाडांचा मोठा होईल.

एक वर्ष थांबल्यानें बाग एक वर्ष उशिरां येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमची बाग लाविल्यापासून तोडीपर्यंत सहा वर्षें गेलीं आणि तिच्या कर्जास आणखी सात वर्षें लागलीं. आज आमच्या त्याच तुकड्यावर ओलिताचीं ४० झाडें आहेत, बांधावर चिंचा-जांभळें आहेत, आणि वरच्या अंगाला सीताफळें आहेत. सन २०१८ च्या पावसाळ्यानेंहि आम्हांस दगा दिला; पुढल्या उन्हाळ्यांत भाजीपाला बंद ठेवावा लागला, परंतु टँकर लागला नाहीं व एकहि झाड गेलें नाहीं. तरी एकरीं झाडें किती, असें विचारणाऱ्या बंधुभगिनींनीं पत्रांत आपल्या विहिरीचा वैशाखांतला आंकडा आधीं कळवावा. उत्तर आम्ही उलट टपालीं पाठवूं.